पश्चिमेला वळवलेली कोयना

रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. या आठवड्यात विजेची पाळी रात्रीची. घरातला कुणीतरी हातात बॅटरी घेऊन, पायांत चपला सरकवून विहिरीकडे निघतो. स्टार्टरचे हिरवे बटण दाबले की मोटार घुमू लागते. पाइपाच्या तोंडाशी आधी थोडी फुसफुस होते आणि मग भडभडून धार पाटात पडते. पाणी पहिल्या वाफ्याला लागले की माणूस बांधावर टेकतो आणि सकाळच्या कामांचा विचार करू लागतो.

ही वीज आली कुठून, हा प्रश्न त्या वेळी कुणाच्या मनात येणार? वीज तारेतून येते, एवढे आपल्याला पुरे असते. पण मंडळी, धान्याच्या प्रत्येक पोत्यामागे जशी कुणाची तरी जमीन आणि कुणाचा तरी घाम असतो, तशीच विजेच्या प्रत्येक युनिटामागेही काहीतरी खर्ची पडलेले असते. महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळसा जाळून होते. अलीकडे सूर्याच्या उन्हावरही होऊ लागली आहे. पण संध्याकाळी सगळ्या घरांत एकदम दिवे लागतात आणि विजेची मागणी भसकन वर चढते, तेव्हा हाकेला धावून येते ती कोयना. कोळशाचे थंड पडलेले केंद्र तापवायला कित्येक तास लागतात. पाण्याचे वीजघर काही मिनिटांत चालू होते. म्हणून तर कोयनेला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात.

या वरदायिनीची कहाणी आपल्या मुलाबाळांना ठाऊक असायला हवी. तीत मोठा पराक्रम आहे, आणि अजून न फिटलेले ऋणही आहे.

दक्षिणेला वाहणारी नदी

महाबळेश्वरच्या डोंगरात पाच नद्या उगम पावतात असे आपण मानतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री. कृष्णा वाईच्या बाजूला उतरते. कोयनेची तऱ्हा वेगळी. घाटमाथ्यावरच्या बहुतेक नद्या पूर्वेची वाट धरतात, पण कोयना सह्याद्रीच्या दोन रांगांमध्ये सापडून सुमारे पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला वाहते. हेळवाकजवळ आल्यावर ती कोपरातून हात दुमडावा तशी पूर्वेला वळते, पाटणवरून पुढे जाते आणि कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर भेटते. तोच आपला प्रीतिसंगम.

या खोऱ्यात पाऊस पडतो तो बेताल. वर्षाला पाच हजार मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोनशे इंच. तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आटपाडी आणि माण या तालुक्यांत लोक वीस इंचांसाठी आभाळाकडे डोळे लावून बसतात. एवढे पाणी पडणाऱ्या या खोऱ्याच्या पश्चिमेला डोंगराची एकच रांग आहे. ती ओलांडली की कडा तुटतो आणि एकदम खाली कोकण. कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे जाणाऱ्या एस.टी.त जे बसले आहेत त्यांना हे सांगायला नको. वळणावळणाने पोटात गोळा येतो. वरच्या कोयनेपासून खालच्या वाशिष्ठी नदीपर्यंत आडवे अंतर थोडे, पण वीजघरासाठी मिळणारा उतार सुमारे पावणेपाचशे मीटरचा. म्हणजे साडेपंधराशे फूट झाले.

आपल्या वाडवडिलांनी मोट हाकली. भरलेली मोट वर ओढताना बैलांच्या मानेवर किती जोर येतो ते त्यांनी पाहिले. पाणी वर चढवायला जेवढे बळ खर्च होते, तेवढेच बळ ते पाणी खाली पडताना परत देते. थोडेफार घर्षणात जाते, बाकीचे हाती लागते. पाण्याची वीज म्हणजे उलटी मोट. पाणी जितके जास्त आणि पडण्याची उंची जितकी मोठी, तितकी वीज जास्त. कोयनेजवळ पाणीही होते आणि उंचीही होती. मधे आडवा होता तो फक्त डोंगर.

आधी टाटांनी दाखवलेली वाट

पूर्वेला जाणारे पाणी अडवून ते पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडायचे, ही युक्ती कोयनेच्या आधीची आहे. टाटा कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून १९१५ साली खोपोलीला वीज तयार केली. ती मुंबईच्या कापड गिरण्यांना गेली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा इथे वीजघरे झाली. भिऱ्यासाठी मुळशीला धरण झाले आणि मावळातल्या शेतकऱ्यांची भाताची खाचरे बुडाली. त्यांच्या बाजूने १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण थांबले नाही. पण वीज हवी ही गोष्ट खरी, आणि तिच्यासाठी कुणाची जमीन जाते हा सवालही तितकाच खरा, हे त्या लढ्याने सगळ्यांना दाखवून दिले.

कोयनेचे खोरेही टाटांनी पाहून ठेवले होते. पण तेव्हा ते काम कागदावरच राहिले. स्वातंत्र्यानंतर त्या वेळच्या मुंबई राज्याच्या सरकारने ते हाती घेतले आणि १९५४ मध्ये हेळवाकच्या बाजूला सुरुंगांचे आवाज घुमू लागले.

धरण आणि डोंगरातले घर

धरण बांधले ते देशमुखवाडीजवळ. आज त्या जागेला आपण कोयनानगर म्हणतो. उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरच्या थोडी वर. बांधणी रबल काँक्रीटची. म्हणजे आधी मोठमोठे दगड बसवायचे आणि त्यांच्या फटींत काँक्रीट भरायचे. सह्याद्रीत काळ्या दगडाला तोटा नाही आणि सिमेंट तेव्हा महाग व दुर्मिळ होते. घरच्या चुलीला घरचेच सरपण वापरावे, तसा हा विचार. धरणामागे सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय तयार झाला. त्याला शिवाजीसागर हे नाव मिळाले. धरणाची क्षमता सुरुवातीला सुमारे ९८.८ टीएमसी होती. पुढे दरवाज्यांची उंची वाढवल्यावर ती १०५.२५ टीएमसी झाली.

टीएमसी हा शब्द पावसाळ्यात रोज कानांवर पडतो, म्हणून त्याचा अर्थ सांगून ठेवतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३२ कोटी लिटर.

आता मुख्य करामत पाहा. धरण आहे पूर्वेच्या तोंडाशी, पण वीज करायची आहे पश्चिमेच्या पायथ्याशी. म्हणून जलाशयाच्या काठी नवजा गावाजवळ पाणी आत घेण्याचे तोंड केले. तिथून डोंगरातून पावणेचार किलोमीटरच्या आसपास लांबीचा बोगदा खणला. बोगद्याच्या शेवटी एक उभी विहीर ठेवली. तिचे कारण शेतकऱ्याला लगेच कळेल. मोटार एकदम बंद केली की पाइपातले पाणी उलटे येऊन आपटते आणि ठोका बसतो. इथे तर आख्ख्या नदीचा ठोका. तो सोसण्यासाठी पाण्याला वर चढायला जागा हवी, ती ही विहीर देते. तिथून पोलादी नळांमधून पाणी जवळजवळ उभे खाली कोसळते आणि जलचक्रांच्या पात्यांवर आदळते. जलचक्र फिरले की त्याला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते.

हे वीजघर उघड्यावर नाही. पोफळीजवळ डोंगराच्या पोटात दगड कोरून ही दालने केलेली आहेत. वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली त्याच जातीचा हा दगड. फरक इतकाच की या लेण्यात मूर्तींच्या जागी यंत्रे बसवली. वापरून झालेले पाणी, ज्याला अवजल म्हणतात, ते दुसऱ्या बोगद्याने बाहेर पडून वाशिष्ठीला मिळते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते. बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी असे अरबी समुद्राला मिळू लागले.

पहिले जनित्र १९६२ मध्ये फिरले. महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षे झाली होती. दुसऱ्या टप्प्याची जनित्रे १९६६-६७ पर्यंत चालू झाली. मोठ्या दाबाच्या तारा डोंगरदऱ्या ओलांडत मुंबई-पुण्याकडे गेल्या. कारखान्यांना वीज मिळाली आणि पुढे तीच वीज जाळ्यातून गावोगावच्या विहिरींवर पोचली. मोटा खुंटीला टांगल्या गेल्या त्या या काळात.

पाण्याखाली गेलेली गावे

शिवाजीसागर भरला तेव्हा त्याच्या तळाशी काय होते? नदीकाठची भाताची खाचरे, देवळे, पार, पाणवठे, स्मशाने. शंभरच्या आसपास गावांना त्याची झळ लागली आणि सुमारे नऊ हजार कुटुंबांना उठावे लागले. काहींना सातारा जिल्ह्यातच जागा मिळाली. काहींना आजच्या रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पाठवले. जन्मभर दोनशे इंच पावसात भात लावलेल्या माणसाला सोलापूरच्या काळ्या रानात नेऊन सोडले, तर त्याने कोणते पीक कसे घ्यायचे? बाईने नवा पाणवठा, नव्या शेजारणी आणि नवी बोली कशी आपलीशी करायची? ग्रामदैवत डोक्यावर घेऊन निघालेल्या गावाचे दुःख पैशात मोजता येत नाही.

मोजायचे म्हटले तरी मोजायला तेव्हा कायदा नव्हता. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला. कोयनेचे लोक त्याच्या दहा-पंधरा वर्षे आधीच उठले होते. जमिनीबद्दल मोबदला मिळाला, पण जमिनीला जमीन हा हक्क त्यांच्या हाती कायद्याने नव्हता. जमीन कागदावर मिळाली आणि ताब्यात आली नाही, मिळाली ती कसण्यासारखी नव्हती, घराखालच्या जागेची नोंदच झाली नाही, अशी प्रकरणे पिढ्यान्‌पिढ्या चालली. आजा उठला, नातू अजून अर्ज करतो आहे. म्हणूनच धरण होऊन अर्धशतक लोटल्यावरही कोयनेच्या धरणग्रस्तांना आंदोलने करावी लागली.

काही कुटुंबे लांब गेलीच नाहीत. पाणी चढत गेले तशी ती डोंगराच्या उतारावर वर सरकली आणि नाचणी-वरी करून राहिली. पुढे १९८५ मध्ये तिथे कोयना अभयारण्य जाहीर झाले आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. मग त्यातल्या काही गावांना दुसऱ्यांदा उठावे लागले. तापोळा, बामणोलीच्या बाजूला माणसे लाँचमधून ये-जा करतात. पर्यटकाला ती जलसफर वाटते. पण जलाशयापलीकडच्या वाडीतल्या बाळंतिणीला दवाखाना गाठायचा असतो, तेव्हा तेच पाणी आडवे येते. आणि ज्यांच्या शेतावर हे पाणी उभे राहिले, त्यांच्या आतल्या वाड्यांवर वीज पोचायला पुढे कित्येक वर्षे लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सोमवारची ती पहाट

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती. थंडीचे दिवस, सगळे गाढ झोपेत. जमीन हादरली आणि काही क्षणांत कोयनानगर आणि आसपासची गावे कोसळली. दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरचे जड आढे झोपलेल्या माणसांवर पडले. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, दीड हजारांवर जखमी झाली, हजारो घरे राहण्यालायक उरली नाहीत. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत आणि त्याही पलीकडे जाणवला. पोफळीची जनित्रे थांबली आणि मुंबईचे कारखाने विजेविना अडकले. एका नदीवर मुंबई किती विसंबून आहे ते त्या पहाटे कळले.

भूकंप सहा रिश्टरहून मोठा होता. दख्खनचे पठार म्हणजे घट्ट, न हलणारी जमीन, असा तोपर्यंत समज होता. तो त्या दिवशी मोडला. खरे तर जलाशय भरू लागल्यापासून परिसरात लहान धक्के बसत होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरातही एक मोठा धक्का बसला होता. शास्त्रज्ञांनी याचा पुष्कळ अभ्यास केला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा. जमिनीच्या पोटात ताण आधीपासूनच असतो. जलाशयाचे पाणी भेगांमधून खोल झिरपते, तिथला दाब वाढतो आणि सुटायच्या बेतात असलेला ताण लवकर सुटतो. भूकंपाची शक्ती पाण्याची नसते, पाणी फक्त चाप ओढते. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांत कोयनेचा भूकंप जगात सर्वांत मोठा मानला जातो. तिथल्या अभ्यासासाठी कऱ्हाडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि २०१७ मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन जमिनीच्या पोटातला खडक तपासला गेला.

धरण मात्र उभे राहिले. वरच्या भागात, भिंतीचा उतार जिथे बदलतो तिथे आडव्या भेगा पडल्या होत्या. त्या बुजवल्या आणि मागच्या बाजूने काँक्रीटचे जाड टेकू देऊन भिंत भक्कम केली. सांडव्याचा भागही पुढे २००० नंतरच्या वर्षांत मजबूत करण्यात आला.

परिसरात आजही लहान धक्के बसतात. तेव्हा पाटण, चिपळूण, जावळी, संगमेश्वर या भागातल्या वाचकांनी घर बांधताना एवढे ध्यानात ठेवावे. नुसत्या दगड-मातीच्या उंच भिंती नकोत. जोत्याला, खिडक्यांच्या वर आणि आढ्याखाली घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा घ्यावा. कोपऱ्यात दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतवावेत. अंथरुणाच्या वरच्या फळीवर पितळेची जड भांडी रचू नयेत. १९६७ मध्ये माणसे मेली ती भूकंपाने नव्हे, तर पडलेल्या घरांनी.

एकाच पाण्याची दोनदा वीज

भूकंपानंतरही काम थांबले नाही. पोफळीहून बाहेर पडणारे अवजल अजून समुद्रसपाटीच्या बरेच वर होते. तो उरलेला उतार फुकट का घालवायचा? म्हणून खाली कोळकेवाडीला दुसरे धरण बांधून तेच पाणी पुन्हा अडवले आणि त्यावर तिसऱ्या टप्प्याची जनित्रे १९७५ ते १९७८ च्या दरम्यान चालू केली. उसाच्या चिपाडातूनही रस काढावा, तसा हा प्रकार. १९८० च्या सुमारास मुख्य धरणाच्या पायथ्याशी लहान वीजघर झाले. शेतीसाठी कोयनेच्या मूळ पात्रात जे पाणी सोडतात, ते जाता जाता तिथली जनित्रे फिरवून जाते.

मग आला चौथा टप्पा, सगळ्यांत मोठा. त्यासाठी जलाशयातून नवे तोंड हवे होते. पण भरलेला जलाशय रिकामा करणार कसा? म्हणून नॉर्वे देशात रुळलेली एक पद्धत वापरली. जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणत न्यायचा, शेवटी खडकाचा जाड बूच तेवढा ठेवायचा आणि तो एका स्फोटात उडवायचा. १३ मार्च १९९९ रोजी तो बूच उडवला आणि पाणी बोगद्यात शिरले. वर जलाशयाच्या पृष्ठभागावर क्षणभर पाण्याचा डोंब उसळला, इतकेच. जलाशय खाली उतरला तरी पाणी घेता यावे म्हणून २५ एप्रिल २०१२ रोजी आणखी खालच्या पातळीवर दुसऱ्यांदा असाच स्फोट केला. पाणी न ओसरवता तळ्याला भोक पाडणारे हे काम आपल्या इंजिनिअरांनी आणि मजुरांनी केले, याचा अभिमान वाटायलाच हवा.

*कोयनेची वीजघरे एका नजरेत*

पहिला व दुसरा टप्पा, पोफळी : १९६२ पासून : आज मिळून ६०० मेगावॅट

तिसरा टप्पा, कोळकेवाडी : १९७५-७८ : ३२० मेगावॅट

धरण पायथा : १९८० च्या सुमारास : ४० मेगावॅट

चौथा टप्पा : १९९९-२००० : १,००० मेगावॅट

एकूण : १,९६० मेगावॅट

पाच बॅरल पाण्याचे एक युनिट

आता थोडा हिशेब करू. पोरांना पाटी-पेन्सिल घेऊन बसवा. एक हजार लिटर पाणी, म्हणजे दोनशे लिटरचे पाच बॅरल, पावणेपाचशे मीटर खाली पडले की यंत्रांतली घट धरून साधारण एक युनिट वीज मिळते. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला चार-साडेचार युनिट घेते. म्हणजे तुमची मोटार कोयनेच्या विजेवर एक तास चालली तर घाटावरचे साडेचार हजार लिटर पाणी कोकणात उतरले असे समजा. त्याच तासात पन्नास-साठ फूट खोलीच्या विहिरीतून ती मोटार चाळीस हजार लिटरच्या आसपास पाणी वर काढते. एक बॅरल पाणी पडते आणि आठ-नऊ बॅरल पाणी चढवते. सौदा वाईट नाही!

पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. कृष्णेच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या राज्यांत वाद होता. त्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ मध्ये निवाडा दिला आणि तो १९७६ मध्ये कायम झाला. कोयनेचे पाणी पश्चिमेला वळवण्यावर त्यात मर्यादा आली. वर्षाला ६७.५ टीएमसी. कोयनेचे पाण्याचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मेला संपते. त्यामुळे मर्यादा संपत आली की उन्हाळ्यात वीजघरे जपून चालवावी लागतात.

पश्चिमेला गेलेले पाणी चिपळूणच्या बाजूला काही प्रमाणात उपयोगी पडते, पण त्यातले बरेचसे समुद्राला मिळते. ते मुंबईला नेण्याची योजनाही वर्षानुवर्षे चर्चेत राहिली आहे. इकडे पूर्वेला ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेतून पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना देतात, आणि उन्हाळ्यात त्यांना आधार असतो तो कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा. एका टीएमसीत ढोबळमानाने तीन हजार एकर ऊस वर्षभर भिजतो. ज्वारी-हरभऱ्यासारखे रब्बीचे पीक घेतले तर चार-पाच पट रान भिजते. तेच एक टीएमसी पोफळीला सोडले तर तीन कोटी युनिटांच्या वर वीज होते. पूर्वेला सोडले तर धरणाच्या पायथ्याशी त्यामानाने थोडकी वीज होते, वर उपसा योजनांचे पंप चालवायला वीजच लागते.

मग पाणी कुठे जावे? आटपाडीचा शेतकरी म्हणेल, आधी पूर्वेला. दिवाबत्तीच्या वेळी वीज गेली की आपण सगळेच म्हणणार, वीज हवी. दोघांचेही खरे आहे. उन्हाची वीज दिवसा वाढत चालली आहे, तशी दिवसाची गरज तिच्यावर भागवून कोयनेचे पाणी संध्याकाळच्या निकडीसाठी राखावे आणि वाचेल ते पूर्वेच्या तहानलेल्या रानाला द्यावे, ही मागणी त्यामुळेच रास्त वाटते. पण पूर्वेला दिलेले पाणीही उसाच्या सरीत धो-धो सोडायचे असेल तर त्यात शहाणपण नाही. ठिबक बसवून निम्म्या पाण्यात पीक काढणाऱ्याने मागितले, तर त्या मागणीला वजन येईल.

ऋण कुणाचे, फेडायचे कुणी?

कोयनेच्या गोष्टीत वीज मुंबईला मिळाली, कारखान्यांना मिळाली, आपल्या विहिरींनाही मिळाली. पाणी कृष्णाकाठाला मिळाले. ज्यांची जमीन गेली, त्यांच्या वाट्याला मात्र अर्ज आले. सगळ्या गावाने जेवायचे आणि वाढणाऱ्याने उपाशी राहायचे, ही आपली रीत नाही. पंगतीत शेवटच्या माणसाचे पान वाढल्याशिवाय आपण घास घेत नाही.

तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात कोयनेचे धरणग्रस्त राहत असतील. अजूनही त्यांच्या वस्तीला काही ठिकाणी नुसते ‘पुनर्वसन’ म्हणतात. त्यांच्या सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागले आहे का, घराखालची जागा त्यांची झाली आहे का, स्मशानाला आणि पाणंदीला जागा आहे का, याची चौकशी करा. ग्रामसभेत तो विषय निघाला तर हात वर करा. त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या गावाची नावे विचारा. कुठल्या खाचरात कुठला भात व्हायचा, देवीची पालखी कुठून कुठे जायची, ते पोरांकडून वहीत लिहून घ्या. ती पिढी आता संपत आली आहे. तिच्यासोबत ती गावे दुसऱ्यांदा बुडतील.

आणि उद्या रात्री पाळीच्या वेळी स्टार्टरचे बटण दाबाल, तेव्हा पाच बॅरलांचा हिशेब आठवा. मोटार उगाच चालू ठेवू नका. वाफा भरला की उठून बंद करा. तेवढे पाणी कोयनामाईच्या पदरात शिल्लक राहील.